'द मासेस': चित्र कुणाचं आणि त्याखालची ओळ कुणाची?

1910 च्या सुमाराची अमेरिकन मासिकं चाळली तर हास्यचित्राखाली हमखास संवाद सापडतो. तो काहीतरी म्हणतो, ती त्यावर काहीतरी म्हणते, मग पुन्हा तो. विनोद आधीच लिहून तयार असायचा. चित्रकारानं फक्त दोन उभी माणसं काढून द्यायची. चित्र उडवलं तरी विनोदाचं काही बिघडत नसे. न्यूयॉर्कच्या 'द मासेस' या समाजवादी मासिकानं 1912 ते 1917 या काळात ही रीत मोडली. पानभर चित्र, खाली एकच ओळ. ओळ झाकली तर चित्र अर्धं राहतं आणि चित्र झाकलं तर ओळीला अर्थ उरत नाही. या मासिकाचं नाव झालं ते या जोडीमुळे, चित्रकार भांडून बाहेर पडले तेही त्या ओळीपायी, आणि शेवटी कोर्टात सरकारी वकील चित्रांचा अर्थ विचारत बसले.

मासिक सुरू झालं जानेवारी 1911 मध्ये, आणि सुरुवात अगदीच नीरस होती. पीट व्लाग हा डच माणूस रँड स्कूल या समाजवादी शाळेच्या तळघरात खाणावळ चालवायचा. सहकारी चळवळीवर त्याची श्रद्धा. पैसे दिले रूफस वीक्स यांनी. हे गृहस्थ न्यूयॉर्क लाइफ या विमा कंपनीचे उपाध्यक्ष, आणि समाजवादीही! अंकात सहकारी भांडारांवर लेख, थोड्या कथा, बरीचशी गुळमुळीत चित्रं. वीक्स यांनी हात आखडता घेतला आणि 1912 च्या उन्हाळ्यात मासिक बंद पडलं.

मग चित्रकार आणि लेखक एकत्र बसले आणि आपणच चालवू म्हणाले. आर्ट यंग या व्यंगचित्रकारानं मॅक्स ईस्टमन हे नाव सुचवलं. ईस्टमन तत्त्वज्ञानाचा माणूस, कोलंबिया विद्यापीठात शिकवून आलेला. त्याला चिठ्ठी गेली: तुमची संपादकपदी निवड झाली आहे, पगार नाही. डिसेंबर 1912 पासून नवा अवतार सुरू झाला. किंमत 10 सेंट, मालकी सगळ्यांची मिळून. लेखक-चित्रकारांना मानधन शून्य, म्हणजे घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या. पुढे व्यवस्थापकीय संपादक म्हणून फ्लॉइड डेल आला, तो मात्र पगारावर. खप सरासरी 12,000 च्या आसपास राहिला. धंदा कायम आतबट्ट्याचा, आणि तूट भरून काढायला ईस्टमन श्रीमंतांच्या दारी जाई. भांडवलशाहीवर आसूड ओढणारं मासिक भांडवलदारांच्या देणग्यांवर चालतं, हा टोमणा तेव्हाही मारला जायचा आणि तो खोटा नव्हता.

जॉन रीडनं लिहिलेल्या धोरणाच्या मसुद्यावरून संपादकांनी जे निवेदन बेतलं ते दर अंकात छापलं जाई. त्याचा सारांश असा: हे क्रांतिकारक मासिक आहे, सुधारकी नव्हे; त्याला विनोदबुद्धी आहे, प्रतिष्ठितांबद्दल आदर नाही; आणि आपल्याला वाटेल तेच करायचं, कुणाचीही मनधरणी करायची नाही, वाचकांचीही नाही. रीड तोच, जो पुढे रशियन क्रांतीचं वार्तांकन करून जगप्रसिद्ध झाला.

आता चित्रांकडे. 'मासेस'च्या चित्रांची जी जाडजूड, रांगडी, खडूनं रेटलेली रेष आपल्याला दिसते ती निव्वळ शैलीची हौस नव्हती. तिच्यामागे छापखान्याचं गणित होतं.

त्या काळात चित्र छापायचे दोन मुख्य मार्ग होते: हाफटोन ब्लॉक आणि लाइन ब्लॉक. हाफटोनमध्ये चित्राचा फोटो जाळीतून घेऊन करड्या छटांचे लहानमोठे ठिपके करतात. फोटो किंवा पाण्यात कालवलेल्या शाईचं चित्र त्यातच उतरतं. पण बारीक जाळीला गुळगुळीत आर्ट पेपर लागतो. स्वस्त, खरखरीत कागदावर ते ठिपके शाईनं भरून जातात आणि चेहऱ्याचा चिखल होतो. जाळी जाड घेतली तर ठिपके सुटे राहतात, पण बारकावे गेलेच.

लाइन ब्लॉक स्वस्त, आणि कुठल्याही कागदावर चालतो. मात्र त्याला काळं आणि पांढरं एवढंच कळतं. चित्राची निगेटिव्ह काढायची. जस्ताच्या पत्र्यावर अंड्याचा बलक सोडून उरलेला पांढरा भाग आणि बायक्रोमेट यांचा पातळ थर द्यायचा. निगेटिव्हमधून उजेड पडतो तिथे थर कडक होतो. मग पत्र्यावर शाई फिरवून तो पाण्यात धुतला की मऊ राहिलेला भाग निघून जातो आणि रेषा तेवढ्या उरतात. त्यावर राळेची तांबडी पूड भुरभुरवून पत्रा तापवायचा, म्हणजे रेषांना आम्लाविरुद्ध कवच मिळतं. मग नायट्रिक आम्लात बुडवायचा. हे एका दमात होत नाही. थोडं कोरलं की बाहेर काढायचं, रेषेच्या कडांना पुन्हा पूड लावायची, पुन्हा बुडवायचं. कडा उघड्या राहिल्या तर आम्ल रेषेच्या खालून शिरतं आणि रेष मुळापासून खाल्ली जाते. शेवटी मोकळ्या जागा खरवडून पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकायचा. ठोकळा आणि पत्रा मिळून उंची मजकुराच्या खिळ्यांइतकीच (छपाईच्या धातूच्या अक्षरांइतकीच), म्हणजे 0.918 इंच भरली पाहिजे. कमी भरली तर चित्र फिकट उमटतं. जास्त भरली तर चित्राचा दाब वाढतो आणि शेजारचा मजकूर पुसट येतो.

मग या काळ्या-पांढऱ्याच्या तंत्रात करडी छटा आणायची कशी? उत्तर खडूत आणि कागदात आहे. लिथोचा, म्हणजे शिळाछपाईचा, तेलकट काळा खडू दाणेदार कागदावर फिरवला की तो दाण्यांच्या टोकांनाच लागतो, खाचा पांढऱ्याच राहतात. लांबून पाहिलं तर करडं वाटतं, जवळून पाहिलं तर नुसते काळे कण. जाळीचं काम कागदच करून टाकतो. हात हलका ठेवला तर कण विरळ, दाबला तर काळं कुट्ट. हाफटोनचा खर्च टळला आणि वर दोमिए, स्टाइनलेन या फ्रेंच चित्रकारांच्या शिळाछापाचा बाज फुकटात मिळाला.

यात फसायला जागा भरपूर. फार हलक्या हातानं काढलेले कण आम्लात टिकत नाहीत. आकाशात दिलेली सुरेख छटा छापून येताना पांढरे डाग होऊन येते. उलट, चित्र मोठं काढून ब्लॉक लहान केला तर कण एकमेकांना चिकटतात आणि सावलीचा गोळा होतो. पेन्सिलीचा करडेपणा एक तर उडतो, नाही तर काळा येतो. पिवळट पडलेला कागद कॅमेऱ्याला काळसर दिसतो, कारण तेव्हाच्या निगेटिव्हच्या काचांना निळा उजेडच काय तो नीट दिसे. याच कारणानं निळ्या पेन्सिलीनं केलेली आखणी पुसायचीही गरज नसे, ती निगेटिव्हवर येतच नसे. म्हणजे या पद्धतीत टिकतं ते ठाम चित्र: मोजक्या छटा, मोठे आकार, बाह्यरेषा स्पष्ट. रॉबर्ट मायनर आणि बोर्डमन रॉबिन्सन या व्यंगचित्रकारांनी दैनिकांच्या रद्दी कागदावर ही रीत आधीच घोटली होती. 'मासेस'नं तिला मोठं पान आणि भरपूर मोकळी जागा दिली.

हे पान मांडण्याचं श्रेय मुख्यत: जॉन स्लोनचं. तो रंगचित्रकार, न्यूयॉर्कच्या गल्ल्या, गच्च्या, दारूचे गुत्ते रंगवणाऱ्या गटातला. त्याची बायको डॉली काही काळ मासिकाचा व्यवहार सांभाळायची. चित्राला मजकुराच्या कोपऱ्यात कोंबायचं नाही, हा त्याचा आग्रह. एखाद्या कवितेशेजारी तिच्याशी काडीचाही संबंध नसलेलं चित्र येई, आणि ते तसंच असावं अशी योजना होती. गोष्टीतला प्रसंग काढून देणं हे चित्रकाराचं काम नाही, असं त्या मंडळींचं म्हणणं.

एकच मुखपृष्ठ जवळून पाहू. जून 1913, चित्रकार स्टुअर्ट डेव्हिस, तेव्हा वय 20. पुढे तो अमेरिकन आधुनिक चित्रकलेतलं मोठं नाव झाला. दोन कष्टकरी बायकांचे चेहरे, न्यू जर्सीतल्या होबोकेनच्या. फुगीर गाल, बसकं नाक, डोक्यावर टोप्या. तेव्हाच्या मुखपृष्ठांवर गुलाबी गालांच्या, नाजूक हनुवटीच्या पोरी झळकत असत आणि त्यावरच अंक खपत. इथे एक बाई दुसरीला तिच्या गावठी बोलीत म्हणते, अगं मॅग, आपण आणि मासिकाच्या मुखपृष्ठावर! एका ओळीनं सगळ्या मुखपृष्ठांच्या धंद्याची टर उडवली. ओळ नसती तर हे फक्त एक दणकट व्यक्तिचित्र राहिलं असतं, काहींना ते क्रूरही वाटलं असतं. आणि ही ओळ डेव्हिसची नव्हे. ती दिली स्लोननं. तीन वर्षांनी याच स्लोननं दुसऱ्यांनी चित्राखाली ओळी घालण्याविरुद्ध बंड केलं, हे लक्षात ठेवा.

स्लोनचं स्वत:चं जून 1914 चं मुखपृष्ठ त्याच्या एरवीच्या खट्याळ चित्रांहून पार वेगळं आहे. 20 एप्रिल 1914 ला कोलोरॅडोत लडलो इथे संपावरच्या खाणकामगारांच्या तंबूंवर सैनिक आणि कंपनीचे पहारेकरी चालून गेले, तंबू पेटवले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेली 11 मुलं आणि दोन बायका गुदमरून मेल्या. स्लोनचा खाणकामगार एका हातात मेलेलं मूल धरून दुसऱ्या हातानं पिस्तूल झाडतो आहे. तिथे विनोद नाही, शब्दांची कसरतही नाही.

आर्ट यंगची गोष्ट वेगळी. त्याला चित्र कळलंच पाहिजे असं वाटे, म्हणून तो वस्तूंवर सरळ नावं लिहायचा. जुलै 1913 च्या अंकात त्यानं असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेवर चित्र काढलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा संपाच्या बातम्या संस्थेनं दाबल्या, हा आरोप. चित्रात एक माणूस शहराच्या पाण्याच्या तलावात बाटल्या रिकाम्या करतोय. बाटल्यांवर लिहिलंय 'खोटेपणा', 'दडपलेली माहिती', 'पूर्वग्रह', आणि तलावावर 'बातम्या'. आडातच विष कालवलं तर पोहऱ्यात दुसरं काय येणार! यंग आणि ईस्टमन दोघांवर फौजदारी बदनामीचा खटला भरला गेला. मार्च 1914 मध्ये कूपर युनियनच्या सभागृहात त्यांच्या बाजूनं मोठी सभा झाली. खटला लोंबकळत राहिला आणि 1916 च्या सुरुवातीला गुपचूप मागे घेतला गेला. चाललाच असता तर संपाच्या बातम्यांची कागदपत्रं कोर्टात उघडी पडली असती, ते कुणाला हवं होतं?

अंक कसा ठरे? महिन्याला बैठक. आलेलं साहित्य मोठ्यानं वाचायचं, चित्रं दाखवायची आणि हात वर करून मत घ्यायचं. हिप्पोलिट हॅवेल नावाचा अराजकवादी एकदा यावर भडकला: कवितेवर कसलं मतदान घेता, कविता आत्म्यातून येते! डेलनं विचारलं, तुमच्या मासिकात तुम्हीही ठरवताच ना? हॅवेल म्हणाला, ठरवतो, पण ठरलेलं पाळत नाही.

व्यवहारात मतदानापेक्षा ईस्टमन आणि डेलच्या टेबलावरच बरंच ठरू लागलं होतं. अंक छापायला जायच्या आधी चित्राला ओळ नसेल तर ते लिहून टाकत. रस्त्यावरच्या साध्या दृश्याला समाजवादी टोक काढत. वसंत 1916 मध्ये चित्रकार उठले. स्लोन, डेव्हिस, ग्लेन कोलमन, मॉरिस बेकर ही मंडळी म्हणाली, संपादकपदच नको. चित्रं चित्रकार निवडतील, मजकूर लेखक निवडतील, आणि चित्राखाली दुसऱ्यानं लिहायचं नाही. वर्तमानपत्रांना आयता मसाला मिळाला: समाजवाद्यांच्या घरात संप!

आर्ट यंग, स्वत: चित्रकार असूनही, संपादकांच्या बाजूनं उभा राहिला. यांना नुसती राखेची डबडी आणि गल्लीत झगे सावरणाऱ्या पोरी काढायच्या आहेत, असं त्यानं पत्रकारांना सुनावलं. न्यूयॉर्कच्या वास्तववादी चित्रकारांना पुढे 'ॲशकॅन' हे नाव चिकटलं, त्याचं मूळ बरेच जण या टोमण्यात शोधतात. मतदानात बंडवाले हरले. दुसऱ्या दिवशी स्लोननं राजीनामा पाठवला, बायबलमधलं वचन वापरून: उजवा हात दगा देत असेल तर तोडून टाका, मी त्या हाताच्या पाच बोटांपैकी एक.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू अर्ध्याच बरोबर होत्या. डेव्हिस-कोलमनच्या काही चित्रांना खरंच कुठलीच ओळ नको होती आणि लादलेल्या ओळींनी ती बिघडली. पण मासिकानं केवळ चित्र म्हणून चित्र छापायचं, तर डेव्हिसच्या मुखपृष्ठावर स्लोनची ती ओळ तरी कशाला हवी होती? डेव्हिसनं काढलेली कृष्णवर्णीयांची चित्रं तर ओळीसकट आणि ओळीविना, दोन्ही प्रकारे खटकतात. 1915 मध्ये एका वाचक बाईंनी पत्र लिहून विचारलं की कष्टकऱ्यांची बाजू घेणारं मासिक काळ्या माणसाला असं हिणवून कसं दाखवतं? पत्र छापलं गेलं, इतकाच काय तो मान. त्यावरचं संपादकीय उत्तर वाचवत नाही.

स्लोन गेल्यावर मासिक पांगळं झालं असं म्हणण्याची रीत आहे. मला ते पटत नाही. गंमत गेली, धार वाढली. जुलै 1916 चा अंक बघा. रॉबर्ट मायनरचं एकच चित्र: लष्करी डॉक्टर समोरच्या भरतीच्या उमेदवाराकडे भारावून बघतोय. उमेदवार म्हणजे स्नायूंचा डोंगर, आणि त्याला डोकंच नाही. ओळ: अखेर परिपूर्ण सैनिक सापडला! धड एका खडूनं, दहा-बारा फटकाऱ्यांत उभं केलंय. लाइन ब्लॉकला याहून सोपं आणि वाचकाला याहून अवघड चित्र क्वचितच निघालं असेल. मायनर 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकातली बड्या पगाराची नोकरी युद्धविरोधाच्या भांडणात गमावून बसलेला होता.

शत्रू आधीपासून होतेच. येशूच्या कुमारी मातेच्या नवऱ्यावर, जोसेफवर, लिहिलेल्या एका कवितेवरून भुयारी रेल्वेच्या स्टॉलवाल्यांनी 1916 मध्ये अंक ठेवणं बंद केलं होतं. पण खरा घाव घातला टपाल खात्यानं. एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, 15 जूनला हेरगिरीविरोधी कायदा आला, आणि ऑगस्टचा अंक टपालात घेणार नाही असं सांगण्यात आलं. आक्षेप चार चित्रांवर आणि चार मजकुरांवर. चित्रांत ग्लिंटेनकॅम्प या चित्रकाराचं 'कॉन्स्क्रिप्शन' (सक्तीची लष्करभरती): तोफेच्या तोंडाला बांधलेला नागडा तरुण, चाकाला बांधलेली 'मातृत्व', वर 'श्रमिक', खाली 'लोकशाही'. यंगचं चित्र जास्त मजेशीर: बडे उद्योगपती टेबलावर युद्धाचे नकाशे पसरून बसलेत, दारातून काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, विचारते, यात माझं काय काम? ते सांगतात, पळ आता, युद्ध जाहीर करून दिलंस तिथे तुझं काम संपलं.

जिल्हा न्यायाधीश लर्नेड हँड यांनी मासिकाच्या बाजूनं निकाल दिला. सरकारवर कडाडून टीका करणं वेगळं आणि कायदा मोडा असं थेट चिथावणं वेगळं, हा त्यांचा मुद्दा आजही कायद्याच्या वर्गात शिकवतात. वरच्या न्यायाधीशांनी लगेच स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल फिरवला. मधल्या काळात खात्यानं खुबीनं डाव टाकला. सप्टेंबरचा अंक सवलतीच्या दरात पाठवायला गेले तर उत्तर आलं: ऑगस्टचा अंक टपालात आलाच नाही, म्हणजे तुमचं प्रकाशन नियमित नाही, सबब नियतकालिकाची सवलत बंद. ऑगस्टचा अंक अडवला कुणी, तर याच खात्यानं! नोव्हेंबर-डिसेंबर 1917 च्या जोडअंकानंतर 'द मासेस' संपलं.

त्याच कायद्याखाली फौजदारी खटला उभा राहिला एप्रिल 1918 मध्ये. शिक्षा 20 वर्षांपर्यंत होऊ शकत होती. आरोपींत ईस्टमन, डेल, यंग, व्यवस्थापक मेरिल रॉजर्स, आणि जोसेफीन बेल, जिचा गुन्हा म्हणजे एक कविता. न्यायाधीशांनी ती वाचून विचारलं, याला कविता म्हणायचं? बचावाचे वकील म्हणाले, आरोपपत्रात तसं म्हटलंय. तिच्यावरचा आरोप रद्द झाला. बाहेर युद्धरोख्यांच्या प्रचाराचा बँड सारखं राष्ट्रगीत वाजवत होता, आणि दर वेळी रॉजर्स ताडकन उभा राहत होता. मग नाइलाजानं सगळं कोर्ट. यंगला विचारलं गेलं, संपादक, भांडवलदार, पुढारी आणि पाद्री नाचताहेत त्या चित्रात बँड सैतान का चालवतोय? जनरल शर्मन युद्धाला नरक म्हणाला होता, तेव्हा बँडवर सैतान शोभून दिसेल असं वाटलं, हे उत्तर. इतकं गंभीर चाललेलं असताना हा गृहस्थ कोर्टातच डुलक्या घेऊ लागला. जागं केल्यावर त्यानं स्वत:चंच झोपलेलं चित्र काढलं आणि खाली लिहिलं, जिवावरच्या खटल्यात आर्ट यंग.

ज्यूरीत 10 जण शिक्षेच्या बाजूनं, दोन विरुद्ध. एकमत सक्तीचं असल्यानं खटला निकालाविना संपला. टिळकांच्या 1908 च्या खटल्यात सात विरुद्ध दोन एवढ्यावर सहा वर्षं मंडाले झालं होतं, हे इथे आठवल्याशिवाय राहत नाही. शरद ऋतूत दुसरा खटला झाला. या वेळी रीड रशियाहून येऊन हजर होता. पुन्हा एकमत नाही. सरकारनं नाद सोडला.

तोवर, मार्च 1918 पासून, ईस्टमन आणि त्याची बहीण क्रिस्टल यांनी 'द लिबरेटर' सुरू केलं होतं. यंगचं ते झोपलेलं चित्र त्यातच आलं. हे मासिक 1922 मध्ये कम्युनिस्ट पक्षाकडे गेलं, आणि 1926 मध्ये 'न्यू मासेस' नावाचं आणखी एक निघालं, पण त्यात मतदान-बितदान राहिलं नव्हतं.

मूळ अंकांचे स्कॅन आज फुकट बघायला मिळतात. बघताना काही गोष्टी सांभाळा. चित्रांची सुटी संकलनं घेऊ नका, पूर्ण अंक उघडा. कवितेशेजारी संबंध नसलेलं चित्र ठेवण्याची स्लोनची खोड सुट्या चित्रांत कळतच नाही. मलपृष्ठ चुकवू नका. डिसेंबर 1912, जून 1913, जून 1914, जुलै 1916 आणि ऑगस्ट 1917 हे पाच अंक आधी घ्या. फाइल कमी रेझोल्यूशनची असेल तर खडूचे कण एकमेकांत मिसळून सपाट करडं दिसतं आणि तो हाफटोन आहे असं वाटतं. 300 डीपीआयच्या वरची फाइल घेऊन सावलीचा कोपरा मोठा करा: ठिपके रांगेत असतील तर जाळी, वेडेवाकडे विखुरलेले असतील तर दाणेदार कागद आणि खडू.